बाजाराबाहेरचे स्तोत्रकार

अमेरिकेत नवं संगीत शुक्रवारी येतं. २०१५च्या जुलैपासून जगभरच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी हाच वार नक्की केला आहे. दर शुक्रवारी पडणाऱ्या या ढिगात ख्रिस्ती भक्तिसंगीतही असतं. त्यातल्या बड्या नावांना शोधावं लागत नाही. रेडिओवरून आणि रविवारच्या उपासनेतून ती आपणहून कानावर पडतात. शोधावं लागतं बाकीच्यांना. पाठीशी कंपनी नाही, पैसा स्वतःचा आणि स्टुडिओ म्हणजे अनेकदा घरातलीच एखादी खोली, असे हे गायक-कवी. गेल्या पन्नासेक वर्षांत अमेरिकी ख्रिस्ती संगीतात जे टिकण्याजोगं निर्माण झालं, त्यातला मोठा भाग या मंडळींनी दिला असं मला ठामपणे वाटतं. त्याचं कारण त्यांच्या प्रतिभेइतकंच ते जिथे उभे आहेत त्या जागेतही आहे.

तिथल्या ख्रिस्ती संगीताला पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट रेडिओची. 'के-लव्ह' हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं देशभर पसरलेलं रेडिओजाळं आहे आणि प्रसन्न, उभारी देणारं संगीत हे त्याचं जाहीर ब्रीद आहे. दुसरी वाट चर्चची. उपासनेसाठी एखाद्याच्या गाण्याचे शब्द छापायचे किंवा पडद्यावर दाखवायचे तर चर्चला परवाना घ्यावा लागतो. 'सीसीएलआय' ही कंपनी तो देते आणि कुठे काय गायलं गेलं त्याप्रमाणे गीतकारांना मानधन वाटते. २०१० ते २०२० या काळात सर्वाधिक गाजलेली ३८ उपासनागीतं काही अभ्यासकांनी आणि उपासनागायकांनी मिळून तपासली. २०२३मध्ये त्यांचा निष्कर्ष आला तेव्हा जवळजवळ सगळी गाणी बेथेल, हिलसाँग, एलेव्हेशन आणि पॅशन या चारच चर्चशी जोडलेली निघाली. हजारो गावांतली माणसं रविवारी काय गाणार, हे अशा मोजक्या ठिकाणी ठरतं.

या दोन्ही वाटांवर तक्रारीला जागा नाही. सकाळी गाडी चालवताना ऐकायच्या गाण्यात देवाला जाब विचारलेला चालत नाही आणि हजारो लोकांनी हात उंचावून म्हणायच्या गाण्यातही चालत नाही. वास्तविक बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. 'तू कुठे आहेस, किती वाट पाहायची' असं विचारणारी. मराठी माणसाला हे सांगायला नको. आपल्याकडे तुकोबा विठोबाशी उघड भांडतात, रुसतात, त्याला दूषणं देतात आणि तेच अभंग आपण टाळ वाजवत म्हणतो. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, असं नारायण वामन टिळक म्हणत. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी चर्चला परक्या चालींच्या जोडीनं भजन-अभंगाचं वळण दिलं. 'उपासना संगीत' या पुस्तकातून ती पदं मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही गातात. पुढे १९१७मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांनाही तिथे जागा होती. संस्थेच्या छत्राबाहेर पडून भक्तीची गाणी लिहिणारा माणूस कसा असतो, हे आपल्याला टिळकांमुळे ठाऊक आहे. म्हणूनच अमेरिकेतली ही माणसं मला परकी वाटत नाहीत.

त्या परंपरेच्या आरंभी लॅरी नॉर्मन आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या हिप्पी तरुणांमध्ये येशूची लाट आली, तेव्हा १९६९मध्ये त्याचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम कॅपिटल कंपनीनं काढला. कंपनीशी संबंध टिकला नाही. मग त्यानं स्वतःचं लेबल काढून पुढच्या तबकड्या आणल्या. रॉक संगीतवाल्यांना तो फार धार्मिक वाटे आणि चर्चवाल्यांना त्याचे लांब केस व गिटार नकोशी. १९७२चा त्याचा 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' आज ऐकला तरी त्यातला राग जिवंत आहे. गरिबी, युद्ध, वंशभेद हे सगळं तो एका श्वासात येशूसमोर मांडतो. २०१४मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत या अल्बमचा समावेश केला.

कीथ ग्रीनची गोष्ट याहून विलक्षण. पियानोवर तुटून पडणारा हा तरुण १९७७मध्ये पहिल्याच अल्बमनं ख्रिस्ती श्रोत्यांत लोकप्रिय झाला. दोन वर्षांनी त्यानं आपल्या कंपनीला विनंती केली की मला करारातून मोकळं करा, देवाची गाणी मला विकायची नाहीत. कंपनीनं त्याला मोकळं केलं. त्यानं आणि पत्नी मेलडीनं राहतं घर गहाण टाकलं आणि १९८०मध्ये 'सो यू वॉना गो बॅक टू इजिप्ट' स्वतः काढला. किंमत ज्याला जी परवडेल ती. काहीच परवडत नसेल तर तसंच पत्र पाठवा. त्यात एका गाण्यात बॉब डिलननं हार्मोनिका वाजवली आहे. मे १९८२पर्यंत दोन लाखांहून अधिक प्रती रवाना झाल्या. त्यांतल्या ६१ हजार फुकट होत्या. त्याच वर्षी २८ जुलैला टेक्ससमध्ये विमान कोसळून ग्रीन आणि त्याची दोन मुलं गेली. तो २८ वर्षांचा होता. त्याच्या गाण्यांतला उपदेश कधीकधी फार टोकाचा होतो आणि श्रोत्याला श्वास घ्यायला उसंत देत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण तो आधी स्वतःला फटकारतो आणि मग श्रोत्याकडे वळतो. त्याची ध्वनिमुद्रणं आजही ऐकवतात ती यामुळे.

यानंतर हे संगीत शोधायची मोठी जागा होती 'कॉर्नरस्टोन' महोत्सव. शिकागोतल्या 'जीझस पीपल यूएसए' या एकत्र राहणाऱ्या समूहानं १९८४मध्ये तो सुरू केला आणि २०१२पर्यंत चालवला. १९९१पासून तो इलिनॉयमधल्या बुशनेल गावाजवळच्या माळावर भरे. मुख्य रंगमंचाखेरीज लहानलहान तंबू असत. शिवाय कुणीही आपला जनरेटर घेऊन यावं आणि वाजवायला लागावं, अशी मुभा होती. १९९३मध्ये सुरू झालेल्या 'टूथ अँड नेल' या छोट्या लेबलचे बँड तिथे ऐकायला मिळत. याच लेबलनं १९९५मध्ये न्यू जर्सीच्या डॅनियल स्मिथचा अल्बम काढला. तो त्यानं रटगर्स विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून बनवला होता. भावंडांना सोबत घेऊन, चिरक्या आवाजात, लहान मुलाच्या निःसंकोचपणानं गायलेली ती प्रार्थना होती. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. दोनतीनदा ऐकलं की त्या आवाजातला निर्मळपणा कळायला लागतो.

नवं संगीत शोधायची माझी आवडती रीत इथूनच सुरू होते. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायची, कुणी वाजवलं, कुणी मुद्रित केलं ते पाहायचं आणि त्या नावामागे जायचं. डॅनियल स्मिथच्या बँडमध्ये मिशिगनचा सुफियान स्टीव्हन्स वाजवत असे. सुफियाननं सावत्र वडिलांच्या साथीनं १९९९मध्ये 'अ‍ॅस्थमॅटिक किटी' हे लेबल उभं केलं. २००४मध्ये त्याचा 'सेव्हन स्वान्स' आला, तो मात्र स्मिथच्या लेबलवरून आणि स्मिथच्याच निर्मितीत. पुढे सुफियाननं ब्रुकलिनमधला प्रेस्बिटेरियन पाळक व्हिटो आयुटो आणि त्याची पत्नी मोनिक यांची गाणी मुद्रित केली. २००८मध्ये 'द वेलकम वॅगन' या नावानं ती बाहेर आली. एका नावाला धरून असं तीन घरांपर्यंत पोचता येतं. कुठलंही यंत्र हे सुचवू शकेल असं मला वाटत नाही, कारण मैत्री कशी जुळली हे त्याला कळत नाही.

'सेव्हन स्वान्स'बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बॅन्जो, हलका आवाज आणि मागे गुणगुणणारे स्त्रीस्वर, साज एवढाच. अब्राहामाच्या हातातला सुरा, डोंगरावर येशूचं पालटलेलं रूप, प्रकटीकरणातले भयप्रद देखावे, सगळं तो इतक्या मऊ सुरात सांगतो की ऐकताना अंगावर काटा येतो. श्रद्धा हा इथे दिलासा आहे आणि भयही आहे. पुढच्याच वर्षीच्या 'इलिनॉय'मध्ये 'कॅसिमिर पुलास्की डे' हे गाणं आहे. कॅन्सर झालेल्या मुलीसाठी बायबल अभ्यासाला जमलेली मंडळी प्रार्थना करतात आणि ती मुलगी जाते. गाणारा देवाला सोडत नाही आणि झालेलं विसरतही नाही. गेल्या पंचवीस वर्षांत इंग्रजीत लिहिलेलं याहून मोठं विलापस्तोत्र मी ऐकलेलं नाही. ख्रिस्ती रेडिओवर ते लागण्याची शक्यता नाही.

तक्रार आणखी पुढे गेली की काय होतं, ते डेव्हिड बझानकडे पाहून कळतं. 'पेड्रो द लायन' या नावानं त्यानं १९९७मध्ये 'टूथ अँड नेल'वर सुरुवात केली. २००२च्या 'कंट्रोल'मध्ये व्यभिचार आणि खुनाची कथा मांडली. २००९च्या 'कर्स युअर ब्रँचेस'मध्ये तर त्यानं श्रद्धेचाच निरोप घेतला. तरी तो अल्बम ख्रिस्ती संगीताच्या आढाव्यात यायलाच हवा. ज्याच्याशी नातं तोडायचं त्याच्याशीच माणूस अखेरपर्यंत बोलत राहतो, आणि इथे ओळीओळीला ते बोलणं ऐकू येतं. फिलाडेल्फियाच्या 'मीविदाउटयू' या बँडची वाट निराळी. त्यांच्या गायकावर बावा मुहैयद्दीन या श्रीलंकेतून फिलाडेल्फियाला गेलेल्या तमिळभाषक सूफी गुरूचा गाढ प्रभाव आहे. २००९च्या त्यांच्या अल्बमचं लांबलचक नावच बावांच्या वचनावरून घेतलेलं आहे. कोल्ह्या-कावळ्यांच्या गोष्टी, येशू आणि अल्ला एकाच अल्बममध्ये येतात. अशा घुसळणीत आपण वाढलेलो असल्यानं मराठी कानाला त्यात वावगं वाटणार नाही.

पैशाचा प्रश्न सुटत नाही तोवर हे सगळं टिकत नाही. डेरेक वेबनं २००६मध्ये आपला 'मॉकिंगबर्ड' तीन महिने इंटरनेटवर फुकट ठेवला. बदल्यात ऐकणाऱ्याचा ईमेल आणि परिसराचा पिनकोड मागितला. ८० हजारांहून अधिक लोकांनी तो उतरवून घेतला. आपले श्रोते कुठल्या गावात आहेत हे कळल्यामुळे मैफली कुठे करायच्या तेही ठरवता आलं. त्यातूनच २००८मध्ये 'नॉइझट्रेड' ही व्यवस्था निघाली आणि शेकडो स्वतंत्र कलावंतांनी ती वापरली. जॉश गॅरल्सनं २०११मध्ये 'लव्ह अँड वॉर अँड द सी इन बिटवीन' वर्षभर फुकट दिला आणि 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या मासिकानं त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. १८ गाणी थोडी जास्तच होतात आणि मधली तीनचार गाळली असती तर अल्बम अधिक बांधीव झाला असता. पण 'फार्दर अलाँग' या गाण्यात दुष्टांची भरभराट का होते हा जुना प्रश्न तो ज्या शांतपणे धरून ठेवतो, त्यासाठी सगळं माफ आहे.

आज स्थिती अवघड आहे. एखादं गाणं वर्षभरात किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर 'स्पॉटिफाय' २०२४पासून त्याचं काहीच मानधन देत नाही. छोट्या गावातल्या छोट्या गायकाला ही अट जाचते. 'बँडकॅम्प' विक्रीतून साधारण १५ टक्के घेऊन उरलेलं कलावंताला देतं, त्यामुळे ऐकून आवडलेला अल्बम तिथून विकत घ्यावा, हे मी आग्रहानं सांगेन. तेही २०२२ आणि २०२३मध्ये लागोपाठ दोनदा विकलं गेलं आणि निम्मे कर्मचारी गेले. भक्तिगीताला मोबदला मागायचा की नाही, हा ग्रीनचा प्रश्न आहे तिथेच आहे. माझं उत्तर त्याच्याहून वेगळं. भजन गाणाऱ्यालाही घरभाडं भरावं लागतं आणि ते कुणीतरी द्यायला हवं.

बाजारानं या मंडळींकडून घेतलंही पुष्कळ. जॉन मार्क मॅकमिलनचा जिवलग मित्र २००२मध्ये अपघातात गेला. त्या धक्क्यात त्यानं 'हाउ ही लव्ह्ज' लिहिलं. वरवर ते देवाच्या प्रेमाचं गाणं आहे, पण आत शोकानं ठणकतं. २००९मध्ये डेव्हिड क्राउडरच्या बँडनं ते गायलं तेव्हा चर्चमध्ये म्हणायला अवघड जाणारी एक उपमा, मॅकमिलनच्या संमतीनं, सौम्य केली. गाणं जगभर पोचलं. मूळ ध्वनिमुद्रण मुद्दाम शोधून ऐका. त्याचा आवाज जिथे फाटतो, तिथेच ते गाणं आहे.

हिपहॉपमध्ये लक्रेनं २००४मध्ये साथीदाराबरोबर 'रीच रेकॉर्ड्स' सुरू केलं आणि २०१४मध्ये त्याचा 'अ‍ॅनॉमली' बिलबोर्डच्या मुख्य अल्बम यादीत पहिला आला. स्वतंत्र लेबलसाठी हे मोठं यश. माझ्या कानाला मात्र तो अल्बम जरा जास्तच गुळगुळीत वाटतो.

अलीकडचं सांगायचं तर २०२१मध्ये सेम्लर या नावानं गाणाऱ्या ग्रेस बाल्ड्रिज यांचा 'प्रीचर्स किड' हा छोटा अल्बम कुठल्याही कंपनीविना आयट्यून्सच्या ख्रिस्ती यादीत अव्वल ठरला. पाळकाच्या घरात, समलिंगी म्हणून वाढताना चर्चमध्ये काय सोसावं लागलं, ते त्यात रोखठोक येतं. काही शब्द ऐकून अनेक भाविक नाराज झाले. मला त्यात येशूविषयीची ओढ स्पष्ट ऐकू येते. आयझॅक वॉर्डेलनं जमवलेल्या 'द पोर्टर्स गेट' या समूहानं २०२०च्या महामारीत 'लॅमेंट साँग्ज' काढला. नावाप्रमाणे अख्खा अल्बम विलापाचा आणि तरीही मंडळीनं एकत्र गाता येईल असा. चाली साध्या, आवाज एकमेकांना सांभाळून घेणारे. चर्चमध्ये म्हणायचं गाणं कसं असावं याचा हा नमुना समजायला हरकत नाही.

आणि टेक्ससमधल्या ऑस्टिनचा जॉन गेरा. २०२०चा 'कीपर ऑफ डेज', २०२३चा 'ऑर्डिनरी वेज' आणि २०२५मध्ये शुभवर्तमानांतल्या येशूच्या वचनांवर बांधलेला 'जीझस'. गिटार, थोडी तंतुवाद्यं आणि जवळजवळ कुजबुजणारा आवाज. तो आपल्या संगीताला उपासनेचं न म्हणता एकांतातल्या भक्तीचं म्हणतो. श्रीमंतांना आणि सत्ताधाऱ्यांना उद्देशून असलेली येशूची कठोर वचनंही तो त्याच सुरात गातो, आवाज जराही चढवत नाही. या तीन अल्बमांतला 'कीपर ऑफ डेज' आधी घ्या.