सौर डागांचे चक्र व मॉन्सूनचे पूर्वानुमान

सूर्यपृष्ठावरील काळ्या डागांची संख्या सरासरीने ११ वर्षांच्या आवर्तनात कमीजास्त होते. हे आवर्तन हाइन्रिख श्वाबे या जर्मन निरीक्षकांनी १८४३ मध्ये प्रथम जाहीर केले. पावसाचा त्याच्याशी संबंध सिद्ध झाल्यास दुष्काळाची सूचना काही वर्षे अगोदर देता येईल, ही आशा त्यातून निर्माण झाली.

दख्खन व दक्षिण भारतात १८७६–७८ च्या दुष्काळात लाखो लोक मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास (१८७७) नॉर्मन लॉक्यर व डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी मद्रासच्या पर्जन्यनोंदींवरून असे प्रतिपादन केले की, डाग अल्पतम असण्याच्या सुमारास तेथे पाऊस कमी पडतो. १८७८ चे अल्पतम या मताला पोषकच ठरले व १८९९ चा दुष्काळही चक्राच्या उतरत्या काळात पडला. पुढे मात्र १९१८ चे तीव्र अवर्षण महत्तमाला (१९१७) लागूनच आले, तर १९७२ चे अवर्षण १९६८ चे महत्तम व १९७६ चे अल्पतम यांच्या मध्यावर पडले. भारतीय वेधशाळांचे महानिदेशक गिल्बर्ट वॉकर (कार्यकाल १९०४–२४) यांनी सांख्यिकीय पद्धतीने हा प्रश्न तपासला, तेव्हा संबंध क्षीण आढळला. दूरदूरच्या प्रदेशांतील वायुदाबांची तुलना त्यांना अधिक फलदायी ठरली व तीतून ‘दक्षिणी आंदोलना’ची कल्पना पुढे आली. १८७७ च्या अवर्षणामागे प्रबळ एल निनो होता, असे आता मानले जाते.

सूर्याकडून पृथ्वीपाशी दर चौ. मी.ला सु. १,३६१ वॉट ऊर्जा पोहोचते. १९७८ पासूनच्या उपग्रहीय मापनांनुसार चक्रात तीत सु. ०·१ टक्काच फरक पडतो व पृथ्वीचे सरासरी तापमान त्यामुळे सु. ०·१° से. बदलते. जंबुपार प्रारणातील फरक याहून बराच मोठा असतो. त्याने स्थितांबरातील ओझोनाचा थर कमीअधिक तापून वरचे वारे बदलतात आणि उत्तर अटलांटिक परिसरातील हिवाळ्यावर त्याचा काही परिणाम संभवतो. मॉन्सूनच्या बाबतीत असा परिणाम महासागरी फेरफारांत झाकला जातो.

अल्पकालीन जुळणी किती फसवी असते, हे आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरावरून दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची पातळी सुमारे दोन चक्रे डागांबरोबर चढली-उतरली आणि नंतर हा मेळ मोडला. भारताच्या १८७१ पासूनच्या पर्जन्यमालिकेतही जेमतेम १४ चक्रे बसतात. शिवाय चक्राचा काल ९ ते १४ वर्षे असा बदलता असल्याने पुढील अल्पतमाचे वर्षही अगोदर नेमके सांगता येत नाही.