धावा आणि चढण
(इंग्लंडविरुद्धच्या काही खेळी)



क्रिकेटचा विषय निघाला की पहिला प्रश्न धावांचा येतो. शंभर केल्या तो मोठा, चाळीस केल्या तो बेताचा, असा आपला हिशेब. हा हिशेब अपुरा आहे, हे इगतपुरीकरांना फोड करून सांगायला नको. कसाऱ्याहून आपल्या गावाकडे येताना ३७ फुटांना १ फूट चढ आहे. सपाटीवर सहज धावणाऱ्या गाडीला या घाटात मागून बँकर लावावे लागते. डबे तेच, वजन तेच, चढ वेगळा. हजेरीपत्रकातही आठ तास म्हणजे आठच तास. ते भट्टीपुढे गेले की पंख्याखाली, हे त्यात लिहिलेले नसते. कामगार चळवळीत माझी बरीच वर्षे एवढी एकच गोष्ट पटवण्यात गेली, की कामाचे माप घेताना ते कोणत्या परिस्थितीत झाले हे आधी पाहावे. तेच माप आज फलंदाजीला लावून पाहू.

भारत आणि इंग्लंड यांची कसोटी १९३२ साली लॉर्ड्सवर सुरू झाली. तेव्हा समोरचा संघ राज्यकर्त्यांचा होता. या दीर्घ झुंजीतून मी दोनच मैदाने निवडतो, लीड्स आणि ओव्हल. आणि माणसे आपल्या मुलखातली.

जून १९५२, लीड्स. पहिल्या डावात ४२ धावांत ३ गडी बाद झाले असता वीस वर्षांचा विजय मांजरेकर आणि सांगलीचा कर्णधार विजय हजारे यांनी २२२ धावांची भागी केली. मांजरेकरांच्या १३३, हजाऱ्यांच्या ८९. दुसऱ्या डावात मात्र जे घडले ते कसोटीच्या इतिहासात पूर्वी घडले नव्हते. फलकावर धाव एकही नाही आणि गडी बाद चार! पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनने त्यांतले तीन घेतले. बाद झालेल्यांत आपल्या नाशिकला जन्मलेले माधव मंत्री होते, आणि पहिल्या डावाचा शतकवीर मांजरेकरही होता. अशा वेळी हजारे उभे राहिले. त्यांनी ५६ केल्या, कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी ६४. दोघांच्या भागीत १०५ धावा झाल्या. सारा डाव १६५ चा. इंग्लंडने सामना सात गडी राखून जिंकला.

ऑगस्ट १९७१, ओव्हल. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी टिपून इंग्लंडला १०१ त गुंडाळले आणि भारताला विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. आकडा लहान दिसतो; परंतु इंग्लंडच्या भूमीवर तोवर भारताने एकही कसोटी जिंकली नव्हती, आणि ३९ वर्षांचे ते ओझे प्रत्येक चेंडूवर होते. गावसकर शून्यावर गेले. शेवटच्या दिवशी सकाळी, धावसंख्येत भर पडण्यापूर्वीच, कर्णधार वाडेकर ४५ वर धावबाद झाले. ७६ ला ३. तेथून मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी विश्वनाथसह डाव १२४ पर्यंत नेला. त्यांच्या धावा अवघ्या ४०. त्या डावात अर्धशतक कोणाचेच नाही, तरी भारत चार गडी राखून जिंकला. घाटात कोणते इंजिन किती ओढते हे वेगळे काढता येत नाही, तसेच हे.

त्याच ओव्हलवर सप्टेंबर १९७९ मध्ये लक्ष्य होते ४३८. माधव मंत्र्यांचे भाचे सुनील गावसकर आठ तासांहून अधिक वेळ खेळले आणि त्यांनी २२१ केल्या. चेतन चौहान यांच्या ८० धावांच्या साथीने सलामीलाच २१३ झाल्या. एक वेळ १ बाद ३६६ अशी स्थिती होती. वेळ संपली तेव्हा ८ बाद ४२९. नऊ धावा उरल्या, सामना अनिर्णित राहिला.

आणि पुन्हा लीड्स, १९८६. चेंडू सतत हलत होता. राजापूरला जन्मलेल्या दिलीप वेंगसरकरांनी ६१ आणि नाबाद १०२ केल्या. त्या सामन्यात दोन्ही संघांत दुसऱ्या कोणाचीही पन्नाशी झाली नाही. इंग्लंडचा पहिला डाव साऱ्या अकरा जणांचा मिळून १०२ चा! भारत २७९ धावांनी जिंकला.

आता निवाडा. आकड्याने गावसकर पहिले, यशाने सरदेसाई आणि वेंगसरकर. मी मात्र हजाऱ्यांच्या ५६ ना पहिला मान देतो. पहिल्या डावात कष्टाने उभारलेले सारे दुसऱ्या डावाच्या आरंभीच कोसळताना पाहूनही त्यांनी आपला शांत, नेटका खेळ सोडला नाही. सामना हरला म्हणून ती खेळी वाया गेली असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की संप फसला म्हणून त्यात शेवटपर्यंत उभे राहिलेल्या माणसाची हजेरी पुसली जात नाही.

यावर तुमच्यापैकी अनेकांचे मत वेगळे असेल. गावसकरांच्या बाजूने बोलणारे तर पुष्कळच निघतील. त्यांनी अवश्य बोलावे. फक्त धावांबरोबर चढही सांगावा.