पलटणीतला बाप, कोर्टातली तारीख

पहिल्या महायुद्धात साताऱ्याकडचे गडी मेसोपोटेमियात लढत होते. अशा सैनिकाच्या माघारी एखाद्या भाऊबंदाने दावा लावून एकतर्फी हुकूमनामा मिळवू नये म्हणून सरकारने कायदा केला. 1925 मध्ये त्याला आजचे रूप आले. सैनिक आघाडीवर किंवा खास परिस्थितीत नोकरीवर असेल, तर त्याच्याविरुद्धचे दिवाणी काम थांबवायचे, हा त्याचा गाभा. त्या काळच्या शेतकरी-सैनिकाला भीती होती ती जमीन जाण्याची. नवरा-बायकोचे भांडण आणि मुलांचा ताबा हा विषय तेव्हा कोर्टापर्यंत क्वचितच यायचा. नंतरच्या शंभर वर्षांतली बरीच ओढाताण मला यातूनच आलेली दिसते. सैनिकाची गैरहजेरी कायद्याने सांभाळली, पण मुलाचे वय तहकूब करता येत नाही.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहावे असे ठरवले. आता तीन वर्षांचे मूल आजी-आजोबांकडे ठेवून बाप सरहद्दीवर गेला आणि काम दोन वर्षे रखडले, तर ती पाच वर्षे निघूनच जातात. उलटही घडते. मूल आईकडे, बाप फिल्डला, आणि दोन वर्षांनी पोर बापाला ओळखत नाही. दोन्हीकडे उशीरच निकाल देऊन मोकळा होतो.

मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा 1947 मध्ये मिळाला, देशभर 1955 मध्ये. परस्परसंमतीचा रस्ता 1976 मध्ये उघडला. गावात मात्र कोर्टाची पायरी कोण चढणार? बाई माहेरी येऊन बसायची, मनिऑर्डर बंद व्हायची आणि मग कुणीतरी शिकलेला माणूस तिला सांगायचा, ‘सीओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याला, पत्र घाल.’

हे पत्र हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण कागद आहे. 1950 च्या सेना कायद्यानुसार सैनिक बायको-मुलांना पोसत नसेल, तर त्याच्या पगारातून पोटगी कापून त्यांना देता येते. त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागत नाही. सैनिकाला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि वरिष्ठ अधिकारी रक्कम ठरवतात. बायको-मुले मिळून ती पगाराच्या 33 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. याचे मोल कळायला दुसरा आकडा शेजारी ठेवावा लागतो: तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली मिळणाऱ्या पोटगीवर 2001 पर्यंत महिना 500 रुपयांची मर्यादा होती. मॅजिस्ट्रेटपेक्षा पलटण उदार होती, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात पत्र लिहायचे कुणाला आणि कसे, हे माहीत नसलेल्या बाईला त्या उदारपणाचा काय उपयोग? शिवाय पलटणीचा हात पैशापुरताच पोचतो. मूल कुणाकडे राहील हे ठरवायला कोर्टच लागते.

तिथे अडचण सुरू होते ती पत्त्यापासून. जोडपे शेवटचे एकत्र राहिले ते जालंधरच्या नाहीतर सिकंदराबादच्या फॅमिली क्वार्टरमध्ये. माहेर खटाव तालुक्यात. दावा कुठे लावायचा? 2003 च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याखाली पत्नीला स्वतः राहते तिथे अर्ज करता येऊ लागला. सैनिकाच्या बायकोला ही दुरुस्ती कुणाहीपेक्षा जास्त उपयोगी पडली असेल.

सैनिकाची अडचण वेगळी. तो कोर्टकामासाठी रजेवर असल्याचा दाखला आणील तर शक्य तोवर त्या रजेतच सुनावणी संपवावी, असे सेना कायदाच सांगतो. पण साक्षीदार आला नाही, वकिलाने मुदत मागितली, की रजा संपते आणि तारीख पुढे जाते. मुलाच्या भेटीचे हुकूम तर नोकरदार शहरी माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेले: दुसरा-चौथा शनिवार, दोन तास, कोर्टाच्या आवारात. ज्याच्या वाट्याला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि थोडी किरकोळ रजा येते, तीही सलग मिळेल याची खात्री नाही, त्याने हे शनिवार आणायचे कुठून? 1992 पासून मुलींना वैद्यकीय शाखांबाहेरही अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला, तेव्हापासून हाच प्रश्न काही आयांपुढेही उभा आहे.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की वैवाहिक खटल्यात व्हिडिओवरून सुनावणी दोन्ही पक्ष राजी असतील तरच, आणि तीही समेटाचे प्रयत्न फसल्यावर. सियाचेनच्या पायथ्याशी बसलेल्या जवानाला हा निकाल कसा वाटला असेल? न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळे मत नोंदवले होते. मग कोविड आला आणि कोर्टेच पडद्यावर गेली. त्याआधी, जानेवारी 2020 मध्ये, यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीखेरीज फोन आणि व्हिडिओ कॉलवरून मुलाशी बोलण्याचा पालकाचा हक्क मानला होता. रेंज असेल त्या दिवशी का होईना, बापाचा चेहरा मुलाला दिसण्याची सोय झाली.

26 जुलै 2025 रोजी, कारगिल विजय दिनी, श्रीनगरमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक मंडळांमधून जवानाला आणि त्याच्या घरच्यांना कायद्याची मदत मिळावी, असा हेतू. दावा जवान आणि त्याची बायको यांच्यातलाच असेल, तेव्हा या मदतीत बायकोला वेगळा वकील मिळतो का, हे पाहावे लागेल.

घटस्फोटाचा हुकूमनामा युनिटमध्ये पोचला की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीतल्या बदलाचा आदेश, निघते आणि बायकोचे नाव नोंदीतून कमी होते. कॅन्टीन सुटते, मिलिटरी हॉस्पिटल सुटते. मुलाचे नाव मात्र राहते, आणि पंचविशीपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतनावरचा त्याचा हक्कही. पण त्याच्या ओळखपत्राचा अर्ज बापानेच भरायचा असतो.