हलक्या पंखांचे गणित

विमानाच्या सांगाड्यातून कमी झालेला प्रत्येक किलो त्या विमानाच्या दोन-अडीच दशकांच्या आयुष्यात दर उड्डाणाला थोडे इंधन वाचवतो, आणि वाचलेले इंधन वाहून नेण्यासाठी लागणारे इंधनही वाचत असल्याने वजनाचा प्रश्न आपोआपच पर्यावरणाचा प्रश्न होतो. ठरावीक भार आधारापर्यंत पोचवायला कमीत कमी किती द्रव्य पुरेल, हे गणिताने सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न मेलबर्नचे अभियंते ए. जी. एम. मिचेल यांनी १९०४ मध्ये केला. परंतु त्यांच्या आदर्श रचनांतील असंख्य बारीक दांडे घडवणे व्यवहारात शक्य नव्हते.

१९८८ मध्ये मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांनी या प्रश्नाला संगणकाला पेलेल असे रूप दिले. त्यातून वाढलेल्या ‘टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन’ या पद्धतीत उपलब्ध जागेचे बारीक घटक पाडले जातात, आणि दिलेल्या वजनात रचना जास्तीत जास्त ताठ राहावी या अटीवर कोणत्या घटकात द्रव्य ठेवायचे व कोणता रिकामा सोडायचा, हे संगणक टप्प्याटप्प्याने ठरवत जातो. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातील ओले सिग्मंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेले काम हा या पद्धतीचा कळस म्हणता येईल. बोइंग ७७७ च्या धर्तीवरील पंखाचे एक अब्जाहून अधिक घटक पाडून त्यांनी महासंगणकावर जी रचना मिळवली, तिच्यात नेहमीच्या सरळ फासळ्यांऐवजी वळणदार आधार आणि पक्ष्याच्या चोचीतील हाडासारखी जाळी आपसूक उमटली होती. एवढ्या खटाटोपातून पंखामागे अंदाजे २०० ते ५०० किलो वाचतात, म्हणजे दोन ते पाच टक्के! आकडा लहान वाटला तरी पिढ्यानपिढ्या घासूनपुसून घेतलेल्या रचनेतून एवढी बचत निघणे थोडके नाही; अर्थात असा पंख प्रत्यक्ष घडवण्याची सोय तेव्हा नव्हती.

मूळ अडचण मात्र यापेक्षा खोल आहे. केवळ ताठपणाची अट घातलेली रचना दाबाखाली अचानक वाकण्याला, म्हणजे बकलिंगला, किंवा वारंवारच्या भाराने पडणाऱ्या तड्यांना पुरून उरेलच असे नाही, कारण गणित विचारले तेवढ्याचेच उत्तर देते. हेच टिकाऊपणाच्या व्यापक अर्थाला, म्हणजे पर्यावरणावर पडणाऱ्या भारालाही लागू पडते. बोइंग ७८७ चे वजनाने सुमारे निम्मे द्रव्य संमिश्र आहे, आणि त्यातला मोठा वाटा कार्बन तंतूंच्या संमिश्राचा. हे तंतू बनवताना हजार अंशांहून अधिक तापमान लागते. त्यांना बांधणारी इपॉक्सी राळ एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही. आणि राळ जाळून मोकळे केलेले तंतू बहुधा आखूड व विस्कळीत निघत असल्याने ते पुन्हा विमानाच्या मुख्य सांगाड्यात सहसा जात नाहीत. म्हणून द्रव्याच्या जन्मापासून मोडीपर्यंतची ऊर्जा ज्या गणितात धरलेली नाही, त्याने काढलेला हलका पंख पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वोत्तम मानणे घाईचे ठरते.

सिग्मंड यांनी २००१ मध्ये अध्यापनासाठी प्रसिद्ध केलेला अवघ्या ९९ ओळींचा प्रोग्राम साध्या लॅपटॉपवरही चालतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो चालवून, एकेक अट बदलली की आकृती कशी पालटते, हे स्वतः पडताळून पाहावे.