परगावातले घर

जून महिना उजाडला की अंथरुणाची वळकटी आणि आईने बांधून दिलेली लोणच्याची बरणी घेऊन नवे विद्यार्थी वसतिगृहात दाखल होतात. पहिले पंधरा दिवस कुणाचेच मन लागत नाही. 'होईल सवय', असे सारे सांगतात. पण नुसते दिवस गेल्याने परके गाव आपले होते काय? मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले होते.

पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातून एकोणिसाव्या शतकात पुष्कळ ख्रिस्ती तरुण पोटासाठी मुंबईस गेले. कुणी बोटीवर खलाशी झाले, कुणी स्वयंपाकी, कुणी वादक. दोन सफरींच्या मधल्या काळात राहायचे कुठे? ही अडचण त्यांनी गावागणिक सोडवली. गावकऱ्यांनी मिळून जागा घ्यायची आणि गावच्या माणसाने अल्प भाड्यात तीत उतरायचे. हीच 'कूड'. कोकणीत कूड म्हणजे खोली. आता त्यांची संख्या खूप घटली असली, तरी धोबीतलावच्या जेर महालात काही कुडी अजून आहेत.

कुडीत भिंतीशी ओळीने पेट्या असत. ज्याची त्याची हक्काची जागा काय ती पेटीपुरती. पण ही धर्मशाळा नव्हती. तेथे गावच्या संताची वेदी असे. रोज रात्री तिच्यापुढे सर्वांनी मिळून 'तेर्स', म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची असा दंडक होता. गावच्या संताचे फेस्तही तेथे साजरे होई. घरची खबरबात आणि कामाची माहितीही तेथेच मिळे.

म्हणजे कुडीतला आपलेपणा सुखसोयींतून आला नव्हता. ठरल्या वेळी ठरलेली माणसे एकत्र बसत, आणि एखादा दिसला नाही तर 'आज का आला नाहीस?' असे विचारणारे कुणीतरी असे. आपल्यावाचून जेथे कुणाचे अडते, तेथेच माणसाची मुळे धरतात. दर शनिवारी एस. टी. स्टँड गाठणाऱ्याला परगाव कायम परकेच वाटते, याचे कारण हेच असावे.

कुडीला एक मर्यादाही होती. तिचे दार आपल्या गावापुरतेच उघडे असे. आपल्या वसतिगृहात मात्र चंदगडचा मराठी मुलगा आणि गोकाकचा कानडी मुलगा एकाच खोलीत राहतात. रात्रीचे जेवण दोघांनी रोज एकत्र घ्यावे, एकाच्या आजारपणात दुसऱ्याने ताट आणून द्यावे, एवढ्यावरही घर उभे राहू शकते. लोणच्याची बरणी तेवढी दोघांत उघडावी!