स्वयंपाकघराचें माप

नवें घर घ्यावयाचें किंवा जुनें मोडून सुधारावयाचें ठरलें, म्हणजे घरांतील थोरामोठ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांना मतें सुचूं लागतात. दिवाणखान्याला रंग कोणता द्यावा, पलंग कोणत्या भिंतीशीं असावा, देवघराचें तोंड कोणीकडे असावें, यांवर जेवणें झाल्यावर तास न् तास खल होतो. स्वयंपाकघराची पाळी आली म्हणजे मात्र ही चर्चा एकाएकीं आटोपते. गवंडी विचारतो, "ओटा नेहमीचाच ना?" आणि यजमान मान डोलावतात. त्या एका होकारानें पुढील वीस-पंचवीस वर्षें घरांतील एका माणसाची कंबर किती वांकणार, तें कायमचें ठरून जातें. भिंतीवरच्या फरशीचा रंग तेवढा चार दुकानें हिंडून निवडला जातो.

हा नेहमीचा ओटा कोणाच्या मापाचा, हें कोणी विचारीत नाहीं. दिवाणखाना ही बसण्याची जागा, शेजघर ही निजण्याची. स्वयंपाकघर ही काम करण्याची जागा आहे. लोहाराची ऐरण किंवा शिंप्याचें यंत्र काम करणाऱ्याच्या अंगाला बेतलेलें असतें. घरांतील सर्वांत जास्त वेळ चालणारें काम जेथें होतें, त्या जागेला मात्र कोणाचेंच माप नसावें, ही विचित्र गोष्ट आहे.

जुन्या मराठी घरांतील स्वयंपाकघराला असें माप होतें. चूल जमिनीवर, तिच्या बाजूला वैल, आणि पुढें पाटावर स्वयंपाक करणारी बाई. पाण्याचा तांब्या, पळी, पिठाचा व मिठाचा डबा, विळी हीं सर्व हात लांबवला कीं सांपडतील अशीं मांडलेलीं असत. बसलेल्या माणसाला घडोघडीं उठणें परवडत नाहीं. त्यामुळें लागेल तें आधीं जवळ घेऊन मगच बसण्याची शिस्त आपोआप अंगीं बाणत असे. या शिस्तीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे मिसळणाचा डबा. मोहरी, हळद, तिखट, जिरें, हिंग वगैरे फोडणीला एका वेळीं लागणारे जिन्नस त्यांत एका ठिकाणीं असतात. झांकण एक, चमचा एक, आणि तेल तापलें असतां शोधाशोध नाहीं. जे जिन्नस एकत्र लागतात ते एकत्र ठेवावे, आणि जेथें लागतात तेथेंच ठेवावे, हें तत्त्व पुढें परदेशांतील तज्ज्ञांनीं मोठे ग्रंथ लिहून मांडलें. तें त्या पितळी डब्यांत पूर्वींपासूनच होतें.

पण त्या स्वयंपाकघराची किंमतहि जबर होती. सारा जन्म उकिडवें बसण्यांत व उठण्यांत गुडघे झिजत, आणि फुंकणीनें फुंकतां फुंकतां डोळे व छाती धुरानें भरून जात. चुलीचा धूर ही कांहीं मागल्या काळाची गोष्ट झालेली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें, घरांतील इंधनाच्या धुरानें दूषित झालेल्या हवेमुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. भारत सरकारनें २०१६ सालीं गरीब घरांना गॅसची जोडणी देण्याची उज्ज्वला योजना सुरू केली, ती याच कारणासाठीं.

शहरांतील चूल त्याच्या पुष्कळ आधीं उठली होती. १८९२ सालीं स्वीडनमध्यें निघालेल्या प्रायमस जातीच्या स्टोव्हनें विस्तवाला हलवतां येण्याजोगें केलें. मग गॅस आला. विस्तव जमिनीवरून कमरेच्या उंचीवर गेला, तसा त्यासाठीं ओटा आला. परंतु या बदलांत एक गोष्ट नकळत हातची गेली. बाई उभी राहिली, आणि उभ्या माणसाला चार पावलें चालणें सोपें, म्हणून सामानहि चार दिशांना पांगलें. पिठाचा डबा एका कोपऱ्यांत, परात दुसऱ्या, पोळपाट-लाटणें तिसऱ्या. धूर गेला, तशी मांडणीहि गेली.

ज्या देशांत उभ्यानें स्वयंपाक करण्याची चाल जुनीच होती, तेथेंहि ही पांगापांग होती. अमेरिकेंत क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनीं कारखान्यांतील कामगारांच्या हालचाली मोजण्याची पद्धत स्वतःच्या स्वयंपाकघराला लावून पाहिली व १९१३ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या विचाराला विटामातीचें रूप आलें तें जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं. पहिल्या महायुद्धानंतर तेथें घरांची टंचाई पडली होती, आणि एर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखालीं कामकरी कुटुंबांसाठीं नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. त्यांच्यासाठीं व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या स्त्री-स्थापत्यकारांनीं १९२६ सालीं एक स्वयंपाकघर आंखलें. सुमारें सव्वासहा फूट रुंद व सव्वाअकरा फूट लांब एवढीच ती जागा. आगगाडीच्या भोजनाच्या डब्याला जोडून जी चिंचोळी पाकशाळा असते, ती त्यांनीं नमुन्यासाठीं पुढें ठेवली होती. पीठ, तांदूळ, साखर यांसाठीं नांवें घातलेले छोटे खण, खिडकीखालीं कापण्याचिरण्याचा ओटा, आणि त्यापुढें बसून काम करण्यासाठीं उंची कमीजास्त करतां येणारें स्टूल. पिठाचे खण तेवढे ओक लांकडाचे, कारण त्या लांकडाला कीड सहसा लागत नाहीं. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं.

या बाईंनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें कीं, हा आराखडा करीपर्यंत त्यांनीं स्वतः कधीं घर चालविलें नव्हतें. त्यांचें गणित पक्कें होतें, पण तें एका माणसाचें गणित होतें. त्या खोलींत दुसरें कोणी आलें कीं दोघांनाहि हलतां येईना. स्वयंपाक करणारी भिंतीआड एकटी पडे. मराठी घरांत सासू कणीक मळीत असतां सून भाजी फोडणीला टाकीत असते, मूल दाराशीं अभ्यासाला बसलेलें असतें, आणि सणावाराला तर चौघी-पांचजणी एकत्र असतात. तेव्हां परदेशांतील आराखडा जसाच्या तसा उचलणें शहाणपणाचें नाहीं. पाणी, विस्तव व सांठवण यांना जोडणारा त्रिकोण तेरा ते सव्वीस फुटांच्या परिघाचा असावा, हें इलिनॉय विद्यापीठांतील अभ्यासांतून निघालेलें सूत्र आतां येथील कंत्राटदारांच्याहि तोंडीं असतें. तें चुकीचें नाहीं. पण पोळ्यांच्या घराला लाटण्याचें चौथें ठिकाण लागतें, आणि तें तव्याच्या अगदीं शेजारींच हवें, ही गोष्ट त्या त्रिकोणांत बसत नाहीं.

फ्रांकफुर्टच्या वसाहती बांधल्या जात होत्या त्याच दशकांत मुंबईस बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. त्यांतच झोपणें, बसणें, रांधणें. एका कोपऱ्यांत मोरी, तिच्याशेजारीं स्टोव्ह, वर भांड्यांची फळी. तीन पिढ्यांनीं त्या कोपऱ्यांत स्वयंपाक केला. वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील या चाळींच्या पुनर्विकासांत आतां ५०० चौरस फुटांचीं घरें मिळूं लागलीं आहेत. अशा घरांत ज्या गृहिणीला आयुष्यांत प्रथमच स्वतंत्र स्वयंपाकघर मिळतें, तिला तरी तो "नेहमीचा" ओटा मिळूं नये. तिच्या जुन्या कोपऱ्यांत जागा नव्हती, पण चार पावलांचा हेलपाटाहि नव्हता.

आतां उंचीविषयीं. सर्वांत जास्त चूक येथें होते, आणि ती टाळण्यास पैसा लागत नाहीं. पांच फूट उंचीची स्त्री अनवाणी उभी राहिली असतां तिचें कोपर जमिनीपासून ३७ ते ३८ इंचांवर येतें. कापणें-चिरणें हें काम कोपराच्या चार इंच खालीं सुखानें होतें. म्हणजे तिला ३३ ते ३४ इंचांचा ओटा योग्य. तथापि त्याच ओट्यावर पोळपाट ठेवला, कीं लाटण्याची पातळी ३६ इंचांवर जाते. लाटतांना वरून भार द्यावा लागतो. त्यासाठीं हात कोपराखालीं सहा-सात इंच उतरले पाहिजेत. तसे न उतरले, म्हणजे खांदे उचलले जातात, आणि वीस पोळ्यांनंतर मान भरून येते. दुखणें मानेचें म्हणून औषध चालू राहतें. ओट्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

शेगडीची गोष्ट याहून वाईट. ओट्यावर ठेवण्याची गॅसची शेगडी चार-पांच इंच उंच. तीवर आठ इंचांचें पातेलें. पातेल्याचा कांठ ४६ इंचांवर गेला, म्हणजे कोपराच्या वर जवळजवळ वीतभर. आंतील वरण ढवळण्यास हात खांद्यापाशीं न्यावा लागतो, आणि वाफ सरळ तोंडावर येते. शेगडीखालचा ओट्याचा भाग २८-२९ इंचांवर उतरविला, किंवा शेगडी ओट्यांत बसविण्याच्या जातीची घेतली, कीं हा त्रास मिटतो. उलट, भांडीं घासण्याच्या सिंकचा कांठ मात्र ओट्याहून इंच-दोन इंच उंच हवा. कारण हात कांठावर नव्हे, तळाशीं काम करतात, आणि सात-आठ इंच खोल सिंकचा तळ सपाट ओट्यांत फार खालीं जातो. भांडीं घासतांना कंबर धरते ती यामुळें. एकाच सरळ रेघेंत घातलेला काळा चकचकीत ओटा दिसण्यास सुबक खरा, पण त्या रेघेची किंमत कोण देतें, तेंहि पाहावें.

घरांत दोघीतिघींची उंची निरनिराळी असेल, तर जी अधिक वेळ काम करते तिचें माप धरावें. ठेंगणीला पाटावर उभें राहतां येतें. उंच असलेलीला स्वतःला कापून कमी करतां येत नाहीं! पुरुष स्वयंपाक करीत असतील, तर त्यांचेंहि माप घ्यावें. ओट्याचा दोन-अडीच फुटांचा तुकडा खालून मोकळा ठेवावा, म्हणजे पाय आंत घालून स्टुलावर बसतां येतें. भाजी निवडणें, शेंगा सोलणें हीं कामें उभ्यानें करण्यांत कांहींहि मोठेपण नाहीं. गवंडी येण्यापूर्वीं आठ दिवस पोळपाटाखालीं किंवा पाटाखालीं विटा रचून वेगवेगळ्या उंचीवर काम करून पाहावें. शरीर आपला कौल देतें.

पाण्याचा मार्ग व कामाचा मार्ग एकाच दिशेनें असावा: सिंक, मग चिरण्याची जागा, मग विस्तव. सिंक व शेगडी यांमध्यें निदान तीन फूट ओटा नसेल, तर ओलीं भांडीं, चिरलेली भाजी आणि गरम कढई एकमेकांवर येतात. धुतलेलीं भांडीं निथळण्यास जागा बहुतेक आराखड्यांत नसतेच. मग तीं चिरण्याची जागा बळकावतात.

हवेविषयीं एक बाब नीट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सिलिंडरमधील वायु हवेपेक्षां जड असतो; तो गळला तर जमिनीलगत सांचतो, यास्तव त्याला खालीं जाळीचा झरोका लागतो. नळानें येणारा नैसर्गिक वायु हवेहून हलका. तो छताशीं जमतो, व त्याला वाट वर हवी. सिलिंडर काढून नळ घेणाऱ्या पुष्कळ घरांत झरोका जुन्याच जागीं राहतो, आणि वरची खिडकी पंख्याच्या थंडाव्यासाठीं बंद असते. विजेची चिमणी बसविली तर तिची नळी शक्य तों आंखूड व कमी वळणांची असावी. जी चिमणी हवा बाहेर न टाकतां गाळून पुन्हां घरांतच सोडते, ती तेलकटपणा थोडा अडविते; उष्णता व वाफ तशीच राहते.

दिवा खोलीच्या मध्यें टांगला, कीं काम करणाऱ्याची सांवली बरोबर विळीवर पडते. तो फडताळाच्या पुढल्या कडेखालीं हवा. दगडाविषयीं एवढेंच कीं कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा, त्याला लिंबाचा व चिंचेचा आंबटपणा खातो, ग्रॅनाइट टिकतो.

मोडतोड सुरू झाली, म्हणजे महिनाभर स्वयंपाक गॅलरींत किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत चालवावा लागतो. गृहिणी त्या वेळीं एक शेगडी, चार पातेलीं, कढई, तवा, पोळपाट आणि मिसळणाचा डबा घेऊन तेथें बसते. बाकीचें सामान खोक्यांत बांधलेलें असतें. त्या महिन्यांत खोकीं उघडून जें जें बाहेर काढावें लागलें, त्याची एका कागदावर टीप ठेवावी. फडताळें त्या टिपेप्रमाणें करावीं, आणि जीं खोकीं महिनाभर उघडलींच नाहींत तीं सरळ माळ्यावर टाकावीं.