पेशीच्या मृत्यूची कळ

पावसाळ्यात आपल्या कोळवण खोऱ्यातील भातखाचरांत बेडकांची शेपटीवाली पिल्ले वळवळताना सर्वांनीच पाहिली असतील. काही आठवड्यांत ती शेपटी नाहीशी होते. ती तुटत नाही, कुजतही नाही. तिच्यातील पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात. आईच्या उदरात बाळाच्या बोटांमधील पडदाही असाच विरतो. या नियोजित मृत्यूला 1972 साली केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे नाव दिले. पाने गळणे, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. पेशी वेळेवर मेल्या नाहीत तर गाठ वाढू शकते. भलत्या वेळी मेल्या तर अवयव निकामी होतो. मग मरणाचा हा हुकूम पेशीपर्यंत पोहोचतो कसा?

याचे एक उत्तर प्रतिपिंडांनी दिले. परका पदार्थ शरीरात शिरला की त्याला नेमके पकडणारी प्रथिने रक्तात तयार होतात. तीच प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडीज. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशावर टोचतात ती लस म्हणजे घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडेच होत. मात्र तिच्यात अनेक प्रकारांचे मिश्रण असते. 1975 साली केंब्रिज येथे कोलर व मिलस्टीन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके बनविण्याची युक्ती शोधली. बँकेत चेकवरील सही नमुना सहीशी जुळली तरच पैसे मिळतात. तसे हे प्रतिपिंड पेशीवरील एकच खूण ओळखते आणि तिलाच चिकटते.

1989 साली जपानमध्ये योनेहारा यांनी व जर्मनीत क्रामर यांच्या गटाने अशी प्रतिपिंडे मानवी पेशींवर टाकली. पेशी चक्क मरू लागल्या! खूण ओळखताना मृत्यूची कळच दाबली गेली होती. पेशीच्या आवरणातील त्या प्रथिनाचे नाव ‘फास’. आपल्या भाषेत ते किती शोभते, हा केवळ योगायोग! 1991 साली नागाता यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले. आज रंगाची खूण जोडलेल्या प्रतिपिंडाने कोणत्या पेशीवर ‘फास’ आहे हे पाहता येते. पुण्यात गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र अशा अभ्यासासाठी देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते.

मग हेच प्रतिपिंड कर्करोग्याला का टोचू नये? 1993 साली उंदराच्या ‘फास’ला चिकटणारे प्रतिपिंड उंदरांना टोचून पाहिले. यकृत निकामी होऊन ते काही तासांत मेले. कारण ही कळ निरोगी यकृताच्या पेशींवरही असते.

वेगळ्या खुणा ओळखणारी काही प्रतिपिंडे पुढे औषधे झाली. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत 1997 साली मान्यता मिळाली. पण त्याआधी रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या. घरात आजारी माणूस असले की ‘कर्करोग मारणारे प्रतिपिंड सापडले’ ही बातमी वाचून जीव आशेला लागतो. अशा वेळी शेत, दागिने गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे: हे काचेच्या बशीत सिद्ध झाले, उंदरात, की माणसात?